जावयांचा बेडूक आणि माझं ओलं गोणपाट

आमच्या जावयांनी मला आयुष्यात एकच वस्तू सांभाळायला दिली, ती म्हणजे बेडूक.

साधासुधा नव्हे. परदेशी जातीचा, जन्मभर पाण्यातच राहणारा, मागच्या पायांना काळी नखं असलेला. नितीनराव आणि आमची मुलगी सुरेखा आठ दिवस गावी जाणार होती, म्हणून काचेची पेटी मांडीवर धरून दोघं डोंबिवलीहून आमच्याकडे कळव्याला आली. जावई फार कमी बोलतात. लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्याकडे त्यांनी काडी मागितलेली नाही. त्या दिवशी मात्र पेटीपाशी उभं राहून सांगत बसले. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, दिवसभर उघडं ठेवून मग ओतायचं. खाणं एक दिवसाआड. आणि शेवटी म्हणाले, "बाबा, तेवढं त्याला पाण्याबाहेर काढू नका."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, शाळा तिसरीपर्यंतच केली (तीही ओहोटीच्या वेळा बघून), पण जन्म खाडीत मासे धरण्यात काढलाय. आता मला बेडूक शिकवतात!

पहिले दोन दिवस मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. खाणं टाकलं की तो दोन्ही हातांनी तोंडात कोंबायचा, पंगतीला उशिरा बसलेल्या माणसासारखा. पोट भरलं की हात पसरून पाण्यात नुसता लटकायचा. ना वर, ना खाली. पापण्याच नाहीत, त्यामुळे झोपलाय की जागा आहे ते कळायचं नाही. दुपारचं ऊन पेटीतल्या पाण्यावर पडायचं आणि आमच्या छतावर खाडी हलायची. बघता बघता वाटायचं, मीच भरतीच्या पाण्यात पाठीवर पडलोय, होडी कुठेतरी बांधलेली आहे आणि मला कुणी हाक मारत नाही. बायको दोनदा चहा गरम करायची, मी दोनदा थंड करायचो.

तिसऱ्या दिवशी मला त्याची दया आली. बेडकाला बांध लागतो, चिखल लागतो. हा बिचारा तीन दिवस नुसता पोहतोय, दमला असणार! बायकोला बोललो, तर म्हणाली, "जावयांनी सांगितलंय ना? मग राहू द्या की त्याला." मी तिला ऐकवलं की चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, मी ओल्या गोणपाटात चार-चार दिवस जिवंत ठेवल्यात, एकही मेली नाही. चिंबोरी राहते, तर बेडकाला काय झालं?

हात घातला. ओला साबण निसटावा तसा तो तीनदा निसटला, चौथ्यांदा नखाने माझ्या मनगटावर रेघ ओढली. शेवटी टोपलीत ओलं गोणपाट, त्यात बेडूक, वर गोणपाटाची घडी. काम चोख झालं म्हणून मी खुर्चीत टेकलो. डोळा लागला. स्वप्नात तो माझ्या होडीत वल्ह्यापाशी बसला होता आणि म्हणत होता, आता कसं मोकळं वाटतं.

जागा झालो तर टोपली रिकामी.

मोरी बघितली, कुंड्या बघितल्या. बेडूक म्हणजे उडी मारणारच, म्हणून मी वरच्या फळ्याही बघितल्या. (पंखाही बघितला. खोटं कशाला बोलू?) पण याला उडी धड येतच नव्हती. सरपटत सरपटत तो शिलाई मशीनखाली गेला होता. बायकोने काढला तेव्हा लाडू खोबऱ्यात घोळवावा तसा धुळीत घोळलेला. मी पेटीत सोडला, तो तळाला जाऊन पडला. हलेना. मी समोर बसलो. दहा वर्षांत माणसाने एक जीव विश्वासाने दिला, आणि मी त्याची चिंबोरी केली.

तासाभराने तो हलला. माझ्या जिवात जीव येतोय तोच त्याच्या पाठीवरचं कातडं सुटायला लागलं. पातळ, पारदर्शक. हातावरचं तर मोजा काढावा तसं निघालं. आणि ते कातडं तो दोन्ही हातांनी तोंडात कोंबून खायला लागला!

मी फोन लावला. "जावईबापू, चुकलं माझं," म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. गोणपाट, झोप, शिलाई मशीन, पहिल्याच दिवशी गुपचूप चारलेला सुका जवळासुद्धा. "आणि आता दुःखाने तो स्वतःलाच खातोय हो."

मग नितीनराव हळूच म्हणाले, "बाबा, तो कात टाकतोय. टाकलेली कात खातोच तो. मधूनमधून चालूच असतं त्याचं." आणि पुढे विचारलं, "पण शिलाई मशीनखाली?"

मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "जावयांना सुरुवातीलाच काय बोललात, तेवढं पुन्हा सांगा."

मी पेटीकडे बघत बसलो. तो पुन्हा हात पसरून लटकला होता, नवाकोरा, जणू काही झालंच नाही. पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून 'चुकलं' काढणं तिला जमलं नाही. या बेडकाने ते कपडे बदलता बदलता काढलं!