मोडक्या सुयांचा डबा

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. दवाखान्याची पाटी मोठी झाली, खाटा वाढल्या, ठपक्याचे मेमोही वाढले. नळाचं पाणी तेवढं वाढवायचं राहून गेलं. त्यात दुष्काळ. टँकर आला तर आला. म्हणून इंजेक्शनच्या ट्रेवर अंथरायचे कपडे धुणंच बंद झालं. सरजाबाईनं ते नुसते उन्हात टाकायचे, झटकायचे आणि घड्या घालायच्या. पाण्यात बुडवले असते तर कपड्यात अडकलेली मोडकी सुई तळाला तरी गेली असती. झटकताना ती थेट सरजाबाईच्या बोटात घुसली.

सरजाबाई निलंग्याकडची, वॉर्डातली रोजंदारीवरची मावशी. तिनं ती अर्धी सुई उपसून काढली, बोट पिळलं, चिंधी बांधली आणि गप्प बसली. बोलणार कुणाजवळ? सांगायला जावं तर आधी विचारतात, तुझे डोळे कुठं होते? आठच दिवसांपूर्वी त्या वॉर्डात काविळीचा एक पेशंट गेला होता, आणि तसल्या माणसाची सुई लागली की आपल्यालाही कावीळ होते, हे तिनं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं होतं. झालं! घरी तिनं ताट-तांब्या वेगळा केला. सकाळी उठून आधी आरशात डोळे बघायची. भीती तर होतीच, पण राग तिच्याहून मोठा होता. सुई लपवणाऱ्याचे हात झडोत, असं ती रोज मनात म्हणायची.

चौथ्या दिवशी शिवकांता सिस्टरचं चिंधीकडं लक्ष गेलं.

"मावशी, बोटाला काय झालं?"

"सुई गेली, सिस्टर. ट्रेच्या कपड्यात होती."

शिवकांतानं चिंधी सोडून बोट बघितलं. "अर्धी? मोडकी?"

"हाव."

"ती माझी हाय, मावशी. उकळून ठेवलेली, पर बोथट. दगडावर घासाया गेले तर मोडली. सुया मोडल्यावरनं दोन मेमो झालेत, तिसऱ्याला भिऊन कपड्यात खोचली. उकळल्यावर कुणाच्या अंगाला लागली न्हवती ती. लेकराची आन!"

सरजाबाईचं चार दिवस दाबलेलं रडू फुटलं, आणि रडता रडताच तिला हसू आलं. जीवात जीव आल्यावर तिनं तो हात झडण्याचा शाप घाईघाईनं मागं घेतला.

शिवकांतानं तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हात धरून मेट्रन उमादेवींपुढं नेलं. उमादेवी म्हणजे कडक बाई. तिसरा मेमो आता येणारच, असं धरून शिवकांता एका दमात सगळं बोलून गेली. उमादेवींनी मेमोचं पॅड ओढलं आणि परत ड्रॉवरमध्ये टाकलं. मग दूध पावडरचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला.

"मोडलेलं सगळं ह्यात टाका. कुणी टाकलं ते मी विचारणार नाही."

संध्याकाळपर्यंत डबा खुळखुळायला लागला. खिडकीच्या फटीतून, कपाटाच्या मागून, एक तर गादीच्या शिवणीतून, अशा सुया निघाल्या. सरजाबाई सतरापर्यंत मोजत गेली आणि थांबली. त्या एकूण एक जागी ती रोज हात घालायची.

"सुटले गं माय!" ती मोठ्यांदा म्हणाली.

"आपण सगळ्याच सुटलो, मावशी," उमादेवी म्हणाल्या.