शहात्तर ठोके

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या काकीचे. ती चौथी शिकलेली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण बी.ए. झाल्यावर नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा माझ्या बाजूनं बोलली ती एकटीच. आज मी वॉर्डात उभा राहतो तो तिच्यामुळे.

बिद्रीजवळच्या आमच्या गावात डेअरीवर दूध घालायला गेलो की रांगेत थट्टा सुरू व्हायची. “काय रं ब्रदर, बी.ए. हून आता बेडपॅन उचलणार व्हय?” मी मान खाली घालायचो. एकदा काकी मागंच उभी होती. किटली खाली ठेवून ती म्हणाली, “उचलंल की! तुझं बी उचलंल. आजारी पडून तर बघ.” सगळी रांग हसली. त्या दिवसापासून मी मान खाली घातली नाही.

आमचा सुरुवातीचा अभ्यासक्रम थोडा मोबाईलवर, थोडा कोल्हापुरात. तीन आठवडे घरी व्हिडिओ बघायचे, चौथ्या आठवड्यात कॉलेजच्या प्रात्यक्षिकांना हजर राहायचं. नाडी मोजायचा धडा घरीच आला. रेंज फक्त गोठ्यासमोर मिळायची, चित्र अडकत अडकत चालायचं. दिसलं तेवढं मी धरलं: मनगट पकडलं आणि अंगठा टेकवला.

काकी रोज सकाळी दूध घालून आली की उंबऱ्यावर बसून हात पुढं करायची. तिला धाप लागलेली असायची. मी मिनिटभर मोजायचो. “शहात्तर. एकदम झकास, काकी.” ती वहीत आकडा लिहायची. मग शेजाऱ्यांचेही ठोके मोजले. कुणी पंच्याहत्तर, कुणी सत्त्याहत्तर. सगळी गल्ली तंदुरुस्त निघाली याचा मला केवढा अभिमान!

कॉलेजात चाचणी झाली. दोन संधी होत्या. त्यात पास झाल्याशिवाय वॉर्डात पाऊल ठेवता येणार नव्हतं. पलंगावर माझा एक वर्गमित्र पडला होता. त्याचं एक मनगट माझ्या हातात, दुसरं मॅडमच्या.

“किती?”

“एकशे बारा.”

“माझे अडुसष्ट. हा घोरायचाच बाकी आहे! अंगठा उचला. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. घाबरलेले तुम्ही आहात, पेशंट नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मोबाईलवरचा ब्रदर!”

पहिली संधी गेली. वडिलांना फोनवर सांगितलं. “बास झालं,” ते म्हणाले. “कारखान्यात शब्द टाकलाय. ये निघून.”

“येत न्हाय, आबा.” असं मी त्यांना पहिल्यांदाच बोललो.

शिवाजी पेठेतल्या खोलीवर आलो. सोबत राहणाऱ्या मित्राला जिना चढायला-उतरायला लावलं आणि तीन बोटांनी त्याची नाडी मोजत राहिलो. बसला की एक आकडा, जिना चढून आला की दुसरा. तो वैतागून म्हणाला, “अरे, धाप लागली मला!” तेव्हा काकीची धाप आठवली.

काकीकडं फोन नव्हता, आणि आबांच्या फोनवर बोलायचं तर ते मधेच पुन्हा कारखान्याचं काढणार. मी चिठ्ठी लिहिली आणि आमच्या गावच्या संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिली.

काकी, पाया पडतो.

वहीतले तुझे सगळे आकडे खोडून टाक. ते तुझे नव्हते, माझे होते. मी अंगठा लावून मोजत होतो. तुला धाप लागते हे समोर दिसत होतं, तरी झकास म्हणालो. चूक माझी.

उद्या सकाळच्या गाडीनं इकडं ये. डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर असेन. म्हशीचं कारण सांगू नकोस, धार आई काढेल.

डेअरीवर विचारतील, ब्रदर नापास झाला का. हो म्हण, लपवू नकोस. शुक्रवारी पुन्हा परीक्षेला बसतोय, हेही सांग. नाहीच पास झालो तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून बसेन, पण कारखान्यात जाणार नाही. आबांना हे वाचून दाखव.

येताना वही आण. नवीन पान काढू. त्यावरचा पहिला आकडा तुझा असेल.