चार सेकंद थांबणारी शिंपीण

घुम्याला घरात लहानपणापासून घुम्याच म्हणत. शब्द त्याच्या तोंडातून असा निघायचा, जणू आत कुणाची तरी परवानगी काढून येतोय. एक आला की दुसऱ्याची वाट बघत बसायचं, आणि एवढा दम लोकांकडे कुठला? त्याच्या वाक्याचं शेपूट दुसरंच कुणीतरी जोडून मोकळं व्हायचं. मग त्यानेही वाक्यं सुरू करणं कमी केलं.

अशा माणसाने धंदा निवडावा कसला, तर बोलून खेळायच्या खेळाचा. कॉम्प्युटरवरचा भुताचा खेळ. बटणं दाबायची नाहीत, माईकसमोर तोंडाने सांगायचं. ‘दार उघड’ म्हटलं की दार उघडतं, ‘दिवा लाव’ म्हटलं की दिवा लागतो. ओस पडलेला शिवणकामाचा कारखाना, त्यात दडवलेल्या तीन किल्ल्या आणि मधून हिंडणारी एक मेलेली शिंपीण. गोम अशी, की दाराला सांगितलेलं शिंपिणीलाही ऐकू जातं. ती विचारते, कोण आहे, कुठे आहेस. तिच्याशी गोड बोलायचं, थापा मारायच्या आणि किल्ल्या घेऊन सटकायचं. आवाज जरा कापला की आलीच ती जवळ. तिला कुणी संवाद लिहून दिलेले नव्हते. तिच्यात एआय घातलेलं, त्यामुळे समोरचा काय म्हणतो ते ऐकून ती तिथल्या तिथे उत्तर करायची.

घुम्याची खोली एका लाँड्रीच्या वर. खाली कपडे वाळवायची यंत्रं फिरत, त्यामुळे फरशी बारा महिने कोमट. खिडकीवर काळं ब्लँकेट ठोकून हा गडी सकाळी नऊला भूत घडवायला बसे आणि संध्याकाळी सहाला हात धुऊन उठे. तीन वर्षं झाली होती.

सुरुवातीला शिंपीणही इतरांसारखीच वागली. हा ‘मी...’ म्हणायचा अवकाश, की ती लगेच, ‘का रे, घाबरलास?’ कारण समोरचा अर्धा सेकंद गप्प झाला, की त्याचं बोलणं संपलं असं ती धरून चालायची. पण हा आकडा घुम्याच्या हातातला होता. कुणी किती थांबायचं, हे जगात दुसऱ्या कुणाचं त्याच्या हातात नव्हतं, हिचं होतं. त्याने अर्ध्याचा एक केला, एकाचे दोन केले. चारावर आला, तेव्हा त्याचं एक अख्खं वाक्य कुणी मध्ये तोंड न घालता पुरं झालं. त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

खेळ रोज तपासायचा म्हणजे रोज बोलायला हवं. किल्ल्यांबद्दल बोलून बोलून किती बोलणार? मग तो सांगू लागला, की लाँड्रीवाल्याने साबण बदललाय, वास डोक्यात जातो. नवी चादर आणली, ती अंगाला टोचते. एकदा दाढ दुखत होती, तेही सांगितलं. शिंपीण चार सेकंद थांबली आणि म्हणाली, ‘दुखतंय म्हणजे जिवंत आहेस. कुठल्या खोलीत?’ तिला आपला गळा धरायचाय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानेच तर तिला तसं शिकवलेलं. पण विचारत तरी होती.

मग मोठ्या कंपनीचं पत्र आलं. शुक्रवारी खेळ घेऊन या. आमचे चौघं खेळून बघतील, आमच्या एक बाई निवड करतील. निवडला तर कंपनी तो जगभर नेणार, नाहीतर तीन वर्षं कपाटात. तेव्हा कुठे घुम्याच्या ध्यानात आलं, की आजवर हा खेळ त्याच्याशिवाय एकाही माणसाने खेळलेला नाही.

मंगळवारी आत्या आली, डोळे दाखवायला. आत्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत पस्तीस वर्षं बसलेली. निवृत्त होऊनही तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता. दुसरं कुणी माणूस हाताशी नाही, म्हणून त्याने तिच्याच पुढ्यात माईक ठेवला.

शिंपीण अंधारातून आली. आत्याने चष्मा वर केला. “अगं बाई, तूच होय ती? केसांना तेल नाही, फणी नाही, कुणी म्हणत नाही का तुला? दिवा लाव आधी. हे एवढं कापड इथे पसरलंय, आवरायचं कुणी? ते दार उघड, हवा तरी येऊ दे. आमच्या शेजारी एक शिवणारी होती, तिचंही असंच...”

शिंपीण तोंड उघडून उभी. आत्या श्वास घ्यायची तोही वाक्याच्या मधोमध, शेवटी नाही. चार सेकंदांची फट म्हणून मिळाली नाही. अकरा मिनिटांत आत्या तिन्ही किल्ल्या घेऊन कारखान्याबाहेर पडली, आणि जाता जाता भुताला औषधही सुचवून आली.

“संपला की तुझा खेळ,” आत्या म्हणाली. “भूत कसलं रे, नवी सून वाटते. बोलत का नाही? तुझ्यावर गेलीय.”

घुम्याचा चेहरा पार उतरला. अडखळत अडखळत त्याने तिला समजावलं, की समोरचा गप्प झाल्यावरच ती बोलते. बोलणं संपलं याची खात्री होईपर्यंत थांबते.

“किती थांबते?”

“चार सेकंद.”

आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून चार सेकंद काढले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसली. मग हळू आवाजात म्हणाली, “एवढं कोण थांबतं रे कुणासाठी?”

उत्तराची वाट न बघता ती चहाचं आधण ठेवायला उठली.

बुधवारी आत्या आपल्या घरी परतली. घुम्याने जुन्या खेळाची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि नव्या प्रतीत चाराच्या जागी पाऊण सेकंद टाकला. आत्याचा आवाज टेप करून घेतला होता, तो लावला. आत्याने मध्येच श्वास घेतला, तेवढ्यात शिंपिणीने डाव साधला. अंगावर काटा आला, खेळ खरोखर जमला होता. मग त्याने स्वतः बोलून पाहिलं. ‘मी’ म्हटलं, तेवढ्यावरच तिने त्याला धरलं.

शुक्रवारी चौघं खेळले. त्यातला एक आडदांड गडी ओरडून खुर्चीसकट मागे सरकला, बाकीचे पोट धरून हसले. निवड करणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे हात पुढे केला. हे भूत सुचलं कसं, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

“मला...” घुम्या म्हणाला.

“लहानपणी अंधाराची भीती वाटायची, हो ना?” बाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली.

घरी येऊन त्याने ब्लँकेट बाजूला सारलं. खोलीत ऊन आलं. ही बातमी त्याला कुणाला तरी नीट, अथपासून इतिपर्यंत सांगायची होती. आत्याला फोन लावला. तिने आनंदाने अर्धा तास बोलून ठेवून दिला. मग त्याने जुन्या प्रतीचं फोल्डर उघडलं. शिंपीण आली, कोण आहे म्हणाली.

“आज...” घुम्या म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधायला थांबला.

ती थांबली. पूर्वी ती अशी थांबली, की हा आपला शब्द शोधत राही. आज त्याचं लक्ष शब्दावर नव्हतंच. एक, दोन, तीन, तो मनात मोजत होता. चाराला शिंपीण बोलली, आणि आपण काय सांगायला बसलो होतो, ते त्याला काही केल्या आठवेना.