जे समन्स निघालंच नव्हतं

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले. त्यातले कितीतरी आता आठवायचे म्हटले तर कागद पुढे घ्यावे लागतील. पण हिंगोली जिल्ह्यात ठाणेदार असताना एका माणसाला मी धाब्याच्या मागच्या दारात धरलं होतं, त्याचा चेहरा मात्र न बोलावता समोर येतो. त्या प्रकरणात आरोपपत्र नाही, निकाल नाही, बातमी नाही. तरीही निवृत्तीनंतर लिहायला बसलो तेव्हा आधी तेच आठवलं.

त्या हिवाळ्यात वाशीम रस्त्याच्या कडेच्या गावांतून शेळ्या चोरीला जात होत्या. छोटा टेम्पो यायचा, पाच-सात शेळ्या टाकायचा आणि निघून जायचा. वरिष्ठांच्या आढावा बैठकीत शेळीचोरीला कोणी विचारत नाही. पण ज्याची शेळी गेली तो रोज सकाळी हजेरीच्या वेळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसतो, आणि त्याच्याकडे बघत बंदोबस्ताची वाटणी करणं सोपं नसतं. माणसं कमी होती. निम्मी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला, उरलेली समन्स-वॉरंट बजावायला.

अशात कनेरगाव नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने खबर दिली. तो आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, इथल्या एका धाब्यावर भट्टीवर रोट्या लावणारा माणूस है. पोलिसाची गाडी थांबली की रोटी भट्टीत तशीच सोडून मागच्या तुरीत पळून जातो. एकदा न्हाई, दर वेळी. काहीतरी केल्याबिगर माणूस असा पळत न्हाई."

मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आमचे हवालदार साध्या कपड्यांत जाऊन धाब्याच्या मागे उभे राहिलो. हवालदार वसमतकडचेच, हट्ट्याजवळच्या गावचे. शांत माणूस. ठरल्याप्रमाणे आमची जीप पुढच्या बाजूला येऊन थांबली, आणि मागचं दार उघडून तो सरळ आमच्या अंगावर आला. तिशीच्या आतलाच असेल. हाताला कणीक लागलेली होती. झटापट केली नाही. हवालदारांनी दंड धरला तसा तो खाली बसला, आणि बराच वेळ त्याला उठवता येईना.

धरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मी काय केलं? निर्दोष विचारतो, सराईत तर जोरात विचारतो. याने विचारलंच नाही. जीपमध्ये गुडघ्यांत मान घालून बसला.

ठाण्यात आल्यावर नाव विचारलं, त्याने सांगितलं. गाव विचारलं तर जालन्याकडचं कुठलं तरी सांगितलं. थोड्या वेळाने हवालदारांनी पाठीमागून त्याच नावाने हाक मारली, तर त्याने वळूनही पाहिलं नाही. नाव खोटं होतं. मग आम्ही नेहमीच्या रीतीने बसलो. टेम्पो कोणाचा, सोबत कोण, माल कुठल्या बाजारात जातो. तो गप्प. मी आवाज चढवला. तो आणखी गप्प. इतकी वर्षं लोकांना विचारण्यात घालवल्यावर एक कळतं, की लपवणारा गप्प आणि थकलेला गप्प हे दोन वेगळे असतात. त्या दिवशी तो फरक मला लगेच लक्षात आला असं म्हणणार नाही. मीही थकलेलोच होतो.

ठाण्याच्या आवारात त्या टोळीने रस्त्यात सोडून दिलेल्या दोन शेळ्या बांधल्या होत्या. त्यातली एक सारखी ओरडत होती. तासभर एक शब्द न बोललेला हा माणूस एकदम म्हणाला, "तिला सावलीला बांधा साहेब. गाभण है ती."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. ही बोली जालन्याची नव्हती, त्यांच्याच पट्ट्यातली होती. मी म्हणालो, "शेळ्यांचं बरंच जाणतोस. किती चोरल्यास?"

तो पहिल्यांदा ताठ झाला. "चोर न्हाई मी. मेंढपाळाचं लेकरू है. दुसऱ्याचं जित्राब चोरलं न्हाई कधी."

"मग पोलीस दिसले की पळतो काहून?" हवालदारांनी त्याच्याच बोलीत विचारलं.

त्याने हातावरची वाळलेली कणीक खरवडली. मग म्हणाला, "समन्स घेतलं न्हाई म्हणून. साहेब, आता सजा किती वाढली असंल?"

कसलं समन्स, ते काढून घ्यायला संध्याकाळ झाली. त्याचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला. घरची मेंढरं. काही वर्षांपूर्वी मेंढरं एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात शिरली. शेतकऱ्याने रागाने एका गाभण मेंढीच्या पाठीत काठी घातली, मेंढी तिथेच बसली. याने आपली काठी शेतकऱ्याच्या हातावर मारली. हात सुजला, मोडला नाही. शेतकरी ठाण्यात गेला. त्या रात्रीपासून हा गावात नाही. बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती.

"ठाण्यातून कोणी आलं होतं तुझ्याकडे?"

"मी नव्हतो ना साहेब. थोरल्या भावानं सांगितलं, समन्स निघालं है, नंतर म्हणला वॉरंट निघालं. फोन टाकून दे म्हणला, पोलीस फोनवरून ठिकाण काढतात. तोच येऊन भेटायचा अधूनमधून. प्रत्येक टायमाला म्हणायचा, अजून फिरून राहिले तुझ्यामागं, येऊ नको."

मी त्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या ठाणे अंमलदाराने नोंद शोधून सांगितलं, साधी दुखापत, अदखलपात्र. म्हणजे असं, की अशा किरकोळ मारहाणीत पोलीस नोंद घेतात, तक्रारदाराला समज देतात की तुम्हाला पुढे जायचं असेल तर कोर्टात दाद मागा, आणि त्यांचं काम तिथे थांबतं. कोर्टात जाण्याला मुदत असते. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे त्याला सहा महिने, वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं. साध्या दुखापतीला एक वर्ष. मुदतीत तक्रार कोर्टात गेली असेल तर समन्स हातात पडायला उशीर झाला तरी चालतं, लोकांची इथे नेहमी गल्लत होते. पण तक्रारच गेली नसेल तर वर्षानंतर कोर्ट सहसा दखल घेत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्यालाही कोणी तरी दाराशी जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्याला जीपमध्ये घेऊन आधी त्या शेतकऱ्याकडे गेलो. तो गव्हाला पाणी देत होता. जीपमधल्या माणसाला पाहून त्याने फावडं टाकलं.

"आरं, हा जित्ता है?"

मी विचारलं, "तुम्ही याच्यावर कोर्टात गेला होता का?"

"मी कशाला जातो साहेब कोर्टात? चार दिवस हात दुखला. रागाच्या भरात ठाण्यात लिहून आलो, राग उतरला की विसरलो. ह्याच्या भावाला मी सोताहून सांगितलं, पोराला बलाव, माझं काही न्हाई म्हणून. दोन बाऱ्या सांगितलं."

"कधी?"

"त्याच सालच्या उन्हाळ्यात."

मी मागे वळून पाहिलं. तो जीपच्या दाराला धरून उभा होता. 

थोरला भाऊ मेंढरांच्या वाड्यावर सापडला. मी त्याला बाजूला घेतलं. फार विचारावं लागलं नाही. असली गोष्ट इतके दिवस एकट्याने धरून ठेवणारा माणूस कोणी तरी विचारायचीच वाट बघत असतो.

"पहिल्यांदा खरंच वाटलं साहेब," तो म्हणाला. "ठाण्यात नाव गेलं म्हणजे समन्स येणारच. मीच भेलो. त्याला मीच घालवून दिलं. मग तो शेतकरी बोलला की काही न्हाई. तवर मी निम्मी मेंढरं इकली व्हती, पोरीचं लगीन केलं व्हतं. तो आला असता तर वाटणी मागितली असती. म्हणलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग पुढच्या. मग सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

"त्याच्या बायकोला काय सांगत होतास?"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही आणि रागही फार आला नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असं होतं. माणूस रडतो आणि आपण पेनचं टोपण लावून थांबतो.

धाकट्याची बायको तिथेच होती. दिराच्या घरच्या बायकांबरोबर राहून मेंढरांमागे जायची. तिच्या पदराला धरून एक मुलगी उभी होती. त्याने त्या मुलीकडे पाहिलं, एक पाऊल पुढे टाकलं. मुलगी आईच्या मागे गेली. तो तिथेच थांबला.

बायको त्याच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "साहेब, ह्यांच्यावर काही न्हाई?"

"काही नाही."

"पहिलेपासून काही नव्हतं?"

"नोंद होती. पुढे काही झालं नाही. त्याची मुदतही कधीच संपली."

"मुदत संपली हे कोणी सांगत न्हाई का?"

मी म्हणालो, नाही. समन्स निघालं तर शिपाई घेऊन येतो, सही घेतो. निघालं नाही, हे सांगायला कोणी येत नाही. तशी पद्धत नाही.

भावाविरुद्ध तक्रार देणार का, असं मी धाकट्याला विचारलं. खरं तर कोणत्या कलमाखाली घेऊ, हे मलाच कळत नव्हतं. मेंढरांच्या वाटणीसाठी दिवाणी दावा होईल. पण खोटी भीती घालून माणसाला घरापासून दूर ठेवलं, आणि खरं कळल्यावर नुसतं गप्प बसून ठेवलं, त्याला काय लावायचं? तो म्हणाला, "ठाणं नको साहेब आता. पुन्हा नाव लिहायचं नको."

त्याची बायको मात्र तक्रार द्यायला तयार होती. "तुमाला नको असंल," ती त्याला म्हणाली, पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून. "माझं काय? मला इथं टाकलेली म्हणत व्हते."

तिच्या तक्रारीलाही कलम सापडेना, शेवटी गावचे पोलीस पाटील आणि चार वडीलधारे बसले. उरलेल्या मेंढरांतली अर्धी धाकट्याला मिळाली. भावाने सर्वांसमोर माफी मागितली. ती स्वीकारली असं कोणी म्हणालं नाही. पुढे हवालदारांकडून कळलं की धाकटा भावापासून वेगळा राहतो, मेंढरं बरी आहेत, आणि मुलगी अजून त्याला बाबा म्हणत नाही, "ते" म्हणते. शेळीचोर नंतर दुसऱ्याच तालुक्यात सापडले. आमच्या तपासाचा त्यात काही वाटा नव्हता.

त्या दिवशी निघताना ती बायको जीपपर्यंत आली. "लिहून द्या साहेब," म्हणाली. "काही न्हाई म्हणून. शिक्का मारून द्या. उद्या कोणी पुन्हा सांगितलं तर दाखवायला."

मी तिला समजावलं की असा कागद ठाण्यात नसतो. न निघालेल्या समन्सचा दाखला देता येत नाही. तिला ते पटलं नाही, आणि का पटावं? मग मी जीपमधून उतरलो. तिला घेऊन पारावर गेलो, जी माणसं होती त्यांना जवळ बोलावलं आणि मोठ्याने सांगितलं, की या माणसावर कोणताही गुन्हा चालू नाही, कोर्टाचं काही येणार नाही, पोलीस याला शोधत नाहीत. एक म्हातारे कानामागे हात धरून म्हणाले, ऐकू नाही आलं. मी पुन्हा सांगितलं.

कायद्याला मुदत घालून दिलेली आहे, ती माणसाच्या भल्यासाठीच. काठीच्या एका फटक्यासाठी कोणी जन्मभर टांगून राहू नये, एवढाच तिचा अर्थ. पण ती संपते तेव्हा कसलाही आवाज होत नाही. ज्याच्यासाठी ती असते त्याला ती संपल्याचं कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना ते सांगायची गरज वाटत नाही. या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच. उरलेल्या नोकरीत अदखलपात्र नोंद घेतली, की तक्रारदाराबरोबरच समोरच्यालाही बोलावून ही मुदत सांगायची, असं मी ठाण्यात ठरवून दिलं. आठवड्याला दोन-चार माणसं येत. त्यांतली बहुतेक एकच विचारत, "म्हणजे घरी जाऊ का साहेब?"

मी म्हणायचो, जा.