दोन्ही गावांना चालणारा पंच

पोखर्णीला नरसिंहाच्या जत्रेत हुतूतूचा सामना व्हायचा आणि सामना संपता संपता मारामारी व्हायची. एका बाजूला पोखर्णीचे गडी, दुसऱ्या बाजूला रात्रभर गाड्या हाकत आलेले वालूरचे. खेळ कुठं थांबला आणि भांडण कुठं सुरू झालं, हे कडेला बसलेल्यांनाही कळायचं नाही. मागच्या वैशाखात एकाचा हात मोडला, दोघांची डोकी फुटली आणि देवळापुढच्या मिठाईच्या दुकानाचा मांडव खाली आला.

महायुद्धाचे दिवस होते, वर निजामाचा अंमल. चार माणसं एका जागी जमायची तरी परवानगी लागे. पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, पाटलाच्या ओट्यावर बसले आणि एवढंच विचारलं, "फैसला कौन देंगा?"

मग साहेबांनीच सांगितलं, दोन्ही गावं ज्याचं ऐकतील असा एक माणूस उभा करा, तर यंदा इजाजत. दंगा झाला, की जत्रेतला हुतूतू कायमचा बंद.

माणूस शोधायचं काम बन्सीधर मास्तरांकडे आलं. ते परभणीला शाळेत ड्रिल शिकवायचे आणि हुतूतूचे नवे, छापलेले नियम त्यांना पाठ होते. ते स्वतःच पंच झाले असते. पण जन्म पोखर्णीचा, म्हणून वालूरकरांना चालेनात. पोखर्णीनं एक नाव सुचवलं की वालूर नको म्हणे, वालूरनं सुचवलं की पोखर्णी. शेवटी वालूरचा म्होरक्या लिंबाजी वैतागून म्हणाला, "सटवाजी धनगर आणा. त्याला गावच न्हाई."

ते खरंच होतं. सटवाजीची मेंढरं दिवाळीनंतर वालूरच्या रानात असत, उन्हाळ्यात पोखर्णीच्या. पिकं निघाली की शेतकरी मेंढरं रानात बसवून घेत. संध्याकाळी जाळीची वाघूर लावायची, तिच्यात कळप कोंडायचा, सकाळी वाघूर उचलून पुढच्या तुकड्यात न्यायची. मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन कसदार व्हायची आणि धनगराला त्याबद्दल ज्वारी मिळायची. त्या ज्वारीवर सटवाजी आणि कासाबाई पावसाळा काढायचे. घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर मावेल एवढं सामान.

मास्तर रानात गेले तेव्हा सटवाजी एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. पस्तिशीचा, उंच, उन्हानं काळवंडलेला, आणि बोलण्यात कुठंही अडखळ नाही.

"फैसलाच द्यायचा ना?" तो म्हणाला. "त्यात काय लय मोठं? माझा बाप जातपंचायतीत बसायचा, मास्तर. बापाचं सगळं बघितलंय मी."

"हुतूतू खेळलायस कधी?"

"न्हाई. पण भांडणं लय बघितलीत."

कासाबाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मेंढरं हाकून हाकून कंटाळा आलाय त्यायला. आता माणसं हाकणार."

मास्तर हसले आणि नाव पक्कं झालं.

सरावाचा पहिला डाव ओढ्याकाठच्या पडीत मांडला. पोखर्णीचीच पोरं दोन तुकड्यांत वाटली. मधे रेघ ओढली. मास्तरांनी नियम सांगितले: एका बाजूच्या गड्यानं 'हुतूतू' म्हणत, एका दमात पलीकडं जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न तोडता रेघेवर परत यायचं. शिवलेला गडी बाद. पलीकडच्यांनी त्याला धरून ठेवला आणि तिथंच दम तुटला, तर हाच बाद. सटवाजी मान हलवत राहिला. सोपं वाटलं त्याला.

चौथ्याच चढाईला तंटा झाला. एक म्हणे शिवलं, दुसरा म्हणे नुसता सदरा हलला. सटवाजीनं दोन्ही हात वर केले.

"थांबा. बसा सगळे."

गडी एकमेकांकडं बघत बसले. सटवाजीही त्यांच्यात मांडी घालून बसला. कमरेची चंची सोडली, तंबाखू मळली, दोन्ही बाजूंच्या थोरल्यांपुढं धरली. मग एकेकाला बोलायला लावलं. शिवणाऱ्याचं ऐकलं, शिवलेल्याचं ऐकलं, कडेला म्हशी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही विचारलं. मधे कुणी बोललं तर त्याला गप्प केलं. सावली बरीच सरकल्यावर तो उभा राहिला.

"शिवलं बी असंल, नसंल बी. तर आसं करा. आत्ता याला बाद धरा. पुढच्या डावात ह्यांनी त्यांचा एक गडी आपल्या मनानं सोडून द्यायचा. दोघांचंबी राहिलं. आता मनात काई ठिवू नका."

गावातल्या माणिकरावांचा मुलगा आश्रुबा, पोखर्णीचा सगळ्यात तगडा गडी, पोट धरून हसायला लागला.

"पंच, आता दंडाचं जातजेवण कोण घालायचं ते बी सांगा की!"

म्हशीवालाही हसला. सटवाजीला कळेना आपण चुकलो कुठं. त्याच्या बापानं असेच फैसले दिले होते आणि त्या फैसल्यांवर पुढं सोयरिकी टिकल्या होत्या.

परतताना मास्तर त्याच्या बरोबर चालत होते. म्हणाले, "सटवा, तुमच्या पंचायतीतली माणसं उद्या परत एकाच वाटेनं मेंढरं नेणार असतात. म्हणून तिथं दोघांचं मन राखावं लागतं. इथं मन कुणाचंच राखायचं न्हाई. बघायचं, ऐकायचं, सांगायचं. आन एकदा सांगितलं की बदलायचं न्हाई."

"आन चुकलं तर?"

"चुकलं तरी त्या वेळचं तेच खरं. म्हणून चुकू न्हाई इतकं जवळ जायचं."

सटवाजी तेवढ्यावर शिकायला बसला. सुरुवातीला उभं कुठं राहायचं हेच जमेना. एकदा माघारी धावणाऱ्या गड्याला आडवा आला आणि दोघंही धुळीत लोळले. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायचा आणि पाय केव्हा रेघेला लागला ते निसटायचं. मास्तरांनी त्याला वाकून, रेघेच्या कडेनं धावायला लावलं. डोळे पायांवर, कान दमावर. स्वतः मास्तरांनी चढाया केल्या, मधेच चोरून श्वास घेतला, आणि तो पकडता येईपर्यंत पुन्हा पुन्हा केल्या. हुतूतूचा सूर चालू असतो, पण श्वास आत घेताना तो किंचित खाली बसतो. विहिरीत बादली पाण्याला टेकताना दोर सैल होतो, तेवढाच.

सकाळी वाघूर उचलताना तो मेंढरांवर सराव करायचा. एखादी मेंढी जाळीबाहेर पाय टाकायची, की ओरडायचा, "बाद!"

"बाद करा, सगळी बाद करा," कासाबाई म्हणायची. "मग आपुन दोघं बसू वाघुरीत."

तिसऱ्या दिवशी आश्रुबाचा चोरटा श्वास पकडून त्यानं त्याला बाद दिलं. आश्रुबानं डोळे वटारले. सटवाजीनं तिकडं बघितलंही नाही. पुढचा गडी चढाईला सोडला. मास्तर लांब उभे होते. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि घरी जेवायला निघून गेले. त्या दिवसापासून ते सरावाला आले नाहीत.

जत्रेच्या आदल्या दिवशी माणिकराव रानात आले. पोखर्णीतली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि उन्हाळ्याचा उरलेला सगळा काळ सटवाजीची मेंढरं त्यांच्याच रानात बसायची होती. त्यांनी कळपाभोवती एक फेरी मारली. बोलणं गोड होतं.

"मृगापर्यंत आमच्याकडंच ना, सटवाजी?"

"हां मालक. ठरल्यापरमानं."

"मग बरं हाय. आश्रुबाचं तेवढं ध्यान ठिवा. पोरगं लय मन लावून खेळायलंय."

ते गेल्यावर कासाबाई म्हणाली, "पावसाळ्याची ज्वारी त्यायच्याच कणगीत हाय."

"म्हाईत हाय मला."

"मी काई म्हणले का? म्हाईत हाय का न्हाई तेवढं बघितलं."

सामन्याच्या दिवशी देवळामागचं मैदान माणसांनी चारी बाजूंनी भरलं. झाडांवर पोरं, गाड्यांच्या साट्यांवर बायका. अमीनसाहेब खुर्चीवर, मागं दोन शिपाई. सटवाजीनं धुतलेला फेटा बांधला होता. पहिल्या चढाईला वालूरचा गडी बाद झाला आणि पोखर्णीनं आरोळी ठोकली. लगेच पोखर्णीचा बाद झाला. वालूरच्या गाड्यांवर घुंगरू वाजले. दोन्ही वेळा सटवाजीचा हात गड्याचा पाय थांबण्याआधी वर गेला होता. हातात काठी नसताना आपण इतक्या माणसांपुढं उभे आहोत, हेही तो विसरला. आवाज मोकळा झाला. कुणी कुरकुरलं तर तो रेघेकडं बोट दाखवायचा आणि पुढची चढाई सोडायचा.

एकेक करत गडी सरले. शेवटी इकडं आश्रुबा उरला, तिकडं लिंबाजी. चढाई आश्रुबाची. शिवून परतला तर पोखर्णी जिंकली, सापडला तर वालूर.

आश्रुबा सुसाट गेला. लिंबाजीच्या खांद्याला शिवला आणि वळला. पण लिंबाजीनं झेप घेऊन त्याचा घोटा धरला. आश्रुबा पालथा पडला. पडूनही तो कोपरांवर सरकत राहिला, मागं लिंबाजीला ओढत. मैदानात इतका गलका झाला, की हुतूतू कुणाला ऐकू येईना. सटवाजी धुळीत आडवा झाला. त्याचा कान आश्रुबाच्या तोंडापासून वीतभर होता. आश्रुबाचा हात रेघेवर पडला. सगळ्या मैदानानं तो हात बघितला.

सटवाजी उठला आणि त्यानं आश्रुबाकडं बोट केलं.

"दम आधी तुटला. गडी बाद."

पोखर्णीची माणसं मैदानाच्या कडेची दोरी ओलांडून आत आली. वालूरची गाड्यांवरून उतरली. लिंबाजीनं अजून घोटा सोडला नव्हता. शिपाई पुढं झाले. तेवढ्यात माणिकराव मधे येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून.

"आरं थांबा! भांडता कशाला? एक चढाई परत घ्या. ह्यांचं बी राहील, त्यांचं बी राहील."

लिंबाजीनं घाम पुसला. "चालंल," तो म्हणाला. "परत धरतो त्याला." अमीनसाहेबांनीही खुर्चीवरून हात हलवला, घ्या म्हणून. सगळ्यांनाच ते बरं वाटत होतं. सटवाजीच्या बापालाही बरं वाटलं असतं. कणगीतली ज्वारी कणगीत राहिली असती आणि कुणाचंच मन मोडलं नसतं.

"न्हाई मालक," सटवाजी म्हणाला. "परत न्हाई."

"अरं, सगळे राजी हायत!"

"राजी आसू द्या. दम तुटला, तो मी ऐकला. परत घेतली तर तो तुटलाच न्हाई म्हणल्यासारखं व्हईल."

माणिकराव जवळ आले. आवाज खाली होता, पण पुढच्या रांगेला ऐकू गेला. "उद्या वाघूर उचल माझ्या रानातून."

सटवाजीचा चेहरा ओढला गेला. नजर मात्र त्यानं खाली घेतली नाही.

"उचलतो, मालक," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण गडी बाद हाय."

दोरीच्या आत आलेली माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. पोखर्णीत ज्वारीसाठी मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. वालूरनं पंचाला वश केलं, असं म्हणायला आता कुणाला तोंड उरलं नाही. म्हशीवाला म्हातारा सगळ्यात आधी मागं फिरला. त्याच्यामागं दोघंतिघं फिरले. आश्रुबानं कपाळावरची धूळ पुसली, लिंबाजीच्या हातातून घोटा ओढून घेतला आणि शिवी देत कडेला गेला. त्यानं हात उगारला नाही. अमीनसाहेब उठले, पाटलाला म्हणाले, "अगले साल भी इसीकू बुलाना," आणि घोड्याकडं चालू लागले.

लिंबाजी निघताना सटवाजीपाशी आला. म्हणाला, "वालूरला चला. आमची रानं काय कमी हायत?"

सटवाजीच्या आधी कासाबाईच बोलली. "दिवाळीनंतर येऊ, ठरल्या वक्ताला. आत्ता आलो तर लोक म्हणतील, फैसल्याची ज्वारी खायलेत."

दुसऱ्या दिवशी उजाडताना वाघूर घोड्यावर चढली. चुडाव्याकडं कासाबाईचा भाऊ राहायचा. तिकडं थोडी पडीक रानं होती. ज्वारी कमी मिळणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. कळप वाटेला लागला. ऊन वर आल्यावर कासाबाईनं विचारलं, "खरंच तुटला होता का दम?"

"तुटला होता."

"हात पडायच्या आधी?"

"आधी."

"मग मान खाली घालून कशाला चालायलाव?" ती म्हणाली. "वर बघा. मेंढरं कुठल्या कुठं गेली."

सटवाजीनं वर बघितलं आणि कळपामागं धावत सुटला.