भावोजींची जीप आणि तिच्या घोड्या

मुलुंडमध्ये आजवर जितकी माणसं राहून गेली, त्यांत गाडीत बसण्यापेक्षा गाडीखाली झोपण्यात जास्त आयुष्य घालवलेला माणूस एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमचे भावोजी. त्यांच्याकडे कधीही जा, सोसायटीच्या आवारात आधी एक जुनी हिरवी जीप दिसायची, मग तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय दिसायचे, आणि त्या पायांची विचारपूस करूनच तिसऱ्या मजल्यावर ताईकडे चहाला जायचं, असा आमच्याकडचा रिवाज होता. पाय मोठे अगत्यशील. ओळखीचा आवाज ऐकला की अंगठा हलायचा आणि आतून उत्तर यायचं, वर हो, मी आलोच. ताई गॅलरीतून हाका मारून थकायची आणि शेवटी त्यांच्या वाटणीचा चहा मीच पिऊन टाकायची.

जीप त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. नोकरीभर एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढली, आपलं म्हणावं असं एकही यंत्र हाती आलं नाही, याची चुटपुट असावी. घाटातल्या खडकाळ वाटांवर गाडीचं पोट घासू नये म्हणून त्यांनी स्प्रिंगा बदलल्या, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले आणि ती इतकी उंच करून घेतली की आवारातली कुत्री मान न वाकवता तिच्याखालून जाऊ लागली. ताईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. ती एकदा कशीबशी जीपमध्ये चढली, तिला दोघांनी मिळून उतरवलं, आणि त्यानंतर तिने जीपचं नावच टाकलं.

पण उंचीचा खरा त्रास भावोजींनाच झाला. गाडी जॅकने उचलता येते, मात्र जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, हा त्यांच्या धर्मातला पहिला नियम. "जॅक उचलतो गं, धरून ठेवत नाही," हे त्यांनी मला, जिने जन्मात चाक बदललेलं नाही अशा बाईला, एका मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढत असताना समजावलं होतं. धरून ठेवायला खाली लोखंडी स्टँड लागतात. गॅरेजवाले त्यांना घोडी म्हणतात. बाजारातल्या घोड्या साध्या गाड्यांच्या मापाच्या, या जीपखाली ठेवल्या की वर वीतभर हवाच उरायची. भावोजींनी कुर्ल्यापासून घाटकोपरपर्यंत दुकानं पालथी घातली. एकाने सुचवलं, घोडीखाली दोन पेव्हर ब्लॉक सरकवा की काका. ब्लॉक वजनाखाली कसा न सांगता फुटतो, हे भावोजींनी त्याला इतकं सविस्तर सांगितलं की त्याची जेवायची वेळ टळून गेली. ऑनलाइन मागवलेली घोडी फोटोत जिराफासारखी होती, खोक्यातून निघाली ती पाटाएवढी. ताईने ती ठेवून घेतली आणि तिच्यावर तुळशीची कुंडी मांडली.

मग ते स्वतःच घोड्या बनवायला बसले. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचा कागद पसरला गेला आणि घरातली जेवणं मांडीवर ताट घेऊन होऊ लागली. घोडी जितकी उंच तितका पाया रुंद हवा, नाहीतर कलंडते. पाय डांबरात रुतू नयेत म्हणून तळाला जाड चपट्या पट्ट्या, वर गाडीचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, बसेल अशी खोबण, मध्ये आरपार जाणारी बोटाएवढी पिन. वेल्डिंग कांजूरमार्गच्या एका वर्कशॉपमध्ये झालं. तिथल्या मालकाने विचारलं म्हणे, काका, यावर हत्ती ठेवणार काय? भावोजींना ही स्तुती वाटली. ते पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ती ऐकवत होते.

दुसरा नियम असा की जीप घोड्यांवर चढली की कोणी खाली जाण्याआधी ती हलवून बघायची. आणि ती दुसऱ्याने हलवायची, कारण आपण केलेल्या वस्तूला आपला हात नकळत हळू लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, पण इतकं खरं बोलणारा माणूस मला क्वचितच भेटला. मग काय, वॉचमन, दूधवाला, कुरिअरवाला, दिसेल त्याला जीपला खांदा लावायला लागायचा. ताईच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, ठरवलेला मुलगा आईवडिलांना घेऊन पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही इस्त्रीच्या शर्टासकट कामाला लावलं. तो आधी संकोचाने नुसता हात टेकवून उभा राहिला. "अरे, जोर लाव, लाजतोस काय," भावोजी म्हणाले, आणि त्याच्या वडिलांनाही बोलावलं. दोघांनी मिळून धक्के मारले, जीप ढिम्म हलली नाही, आणि लग्न ठरलं. रिसेप्शनला भावोजींनी स्टेजही हलवून पाहिलं, नवरानवरी वर उभी असताना. ताईने कपाळाला हात लावला, आम्ही पोट धरधरून हसलो. पण मागचा एक खांब सैल निघाला आणि डेकोरेशनवाल्याने तो निमूटपणे बदलला.

हळूहळू त्यांची कीर्ती पसरली. बोरिवलीपासून चेंबूरपर्यंतचे उंच गाड्यांवाले घोड्या करून घ्यायला येऊ लागले. भावोजींची अट एकच, आजवर गाडीखाली ज्या विटा आणि ब्लॉक ठेवत होता, ते इथे आणून द्यायचे, परत मिळणार नाहीत. कंपाउंडच्या भिंतीला या जप्त मालाची रास लागली होती. सेक्रेटरी कुरकुरायचे, पण भावोजी त्या राशीकडे असे बघायचे की जणू तितकी माणसं त्यांनी गाडीखालून ओढून बाहेर काढली आहेत. काही तर खरंच काढली असतील.

आणि मग इमारत पुनर्विकासाला निघाली. आमच्या ताईला तर ती पर्वणीच, कारण जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि तिचे गुडघे आता पार गेले होते. पण नव्या इमारतीत गाड्या एकावर एक रचायचं यांत्रिक पार्किंग होतं. बिल्डरच्या माणसाने जीप पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. भावोजींनी नकाशा मागवून स्वतः टेप लावली. छप्पर उतरवलं तरी जीप बसत नव्हती. एव्हाना बाकी सगळ्यांनी संमती देऊन टाकली होती, अडलं होतं ते भावोजींपाशी. सोसायटीत कुजबुज सुरू झाली की वाट लागली, आता काका वर्षभर वाद घालणार. मीही ताईला म्हटलं, ते काही सही करायचे नाहीत. तिने गुडघ्याला तेल चोळणं चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी भावोजी सही करून आले. भाषण नाही, अट नाही. कर्जतजवळ मोकळं अंगण असलेल्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी जीप देऊन टाकली, सोबत घोड्याही दिल्या, आणि रविवारचा अख्खा दिवस त्याला सगळं शिकवलं. संध्याकाळी जीप फाटकातून बाहेर गेली. मी तिथेच होते. भावोजी रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. तिथे तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला होता.

मी विचारलं, "वाईट नाही वाटलं, भावोजी?"

"वाटलं ना. खूप वाटलं," ते म्हणाले. मग वर गॅलरीकडे बघून म्हणाले, "गेल्या दिवाळीपासून तू ताईला खाली आलेली पाहिलीस का कधी? ती तिथे उभी राहून मला बघत असायची. मला वाटायचं, रागावली आहे. अगं, तिला यायचं होतं खाली. तिला उतरता येत नव्हतं."

ताईचा मला त्या क्षणी हेवा वाटला, हे खरं.

सध्या, नवी इमारत उभी राहीपर्यंत, ती दोघं स्टेशनच्या पलीकडे भाड्याच्या घरात राहतात. तिथे लिफ्ट आहे. संध्याकाळी ती खाली उतरतात आणि रमतगमत भाजी आणायला जातात. एखादी उंच जीप रस्त्याने आली की भावोजी बोलता बोलता थांबतात आणि किंचित वाकून तिच्या पोटाकडे बघत राहतात. ताईला फार वेळ उभं राहवत नाही. तरी ती पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्याजवळ उभी राहते.