डाव्या हाताचा अंगठा

आजी लोण्यासारखी मऊ होती, असं ती गेल्यावर सगळेच म्हणाले. नातीनं मान डोलावली. मनात म्हणाली, ते त्या साहेबाला विचारा.

पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात आजीनं एकतीस वर्षं काढली. ती झाकणांच्या प्रेसवर बसायची. पायानं पट्टी दाबली की वरून ठोकळा यायचा, झाकण तयार. हात आत जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असायची. जाळीमुळे हात हळू चालतो, माल कमी निघतो, म्हणून नव्या सुपरवायझर साहेबानं सगळ्या जाळ्या काढायला लावल्या. बायकांनी कुरकुर केली, तर म्हणाला, लक्ष कामावर ठेवा, काही होत नाही. तिसऱ्या आठवड्यात आजीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी तो फळं घेऊन दवाखान्यात आला. आजी औषधाच्या गुंगीत होती. बाईच्या बेफिकिरीमुळे अपघात झाला, असं लिहिलेल्या कागदावर त्यानं तिच्या डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला आणि शाई पुसायचंही विसरला. शुद्धीवर आल्यावर आजीला आधी दिसला तो निळा अंगठा. बोटांचं दुःख तिनं गिळलं, अंगठ्याचं नाही. अर्ध्या गल्लीची पत्रं लिहून देणारी बाई ती, आणि तिला अंगठाबहाद्दर करून टाकलं.

भांडली मात्र नाही. भांडणारीला दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर काढत, आणि घरी तीन पोरं होती. ती डाव्या हातानं लिहायला शिकली, पॅकिंगला बसली, आणि साहेबाशी इतकं गोड वागू लागली की बायका 'साहेबांची लाडकी' म्हणून टोमणे मारायच्या. भंगारातून आपल्या प्रेसची जाळी तेवढी तिनं मागून आणली. आजोबांनी विचारलं तर म्हणाली, असू दे, कामाला येईल.

नऊ वर्षांनी साहेब निवृत्त झाला. सत्काराला बायकांतर्फे कोण बोलणार, तर त्यानं स्वतःच आजीचं नाव सुचवलं. पुढच्या रांगेत मालक, साहेबाची बायको, व्याही मंडळी. आजी उठली, कापडात गुंडाळलेली जाळी तिनं त्याच्या मांडीवर ठेवली आणि आपला उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"साहेब, ही जाळी तुम्ही काढलीत, म्हणून ही बोटं गेली. मग मी शुद्धीत नसताना तुम्ही माझा अंगठा घेतलात. मला लिहिता येतं, साहेब. सही मागितली असती, तर मी आधी कागद वाचला असता. म्हणून मागितली नाहीत."

जाळी कुठं ठेवावी हे साहेबाला कळेना. तेवढ्यात मागून एक जण उठली, आपलं थोटं बोट वर धरून. मग आणखी एक. हार टेबलावर तसाच पडून राहिला.

महिन्याभरात सगळ्या प्रेसना जाळ्या लागल्या. आजीला मात्र डबे धुवायच्या हौदावर पाठवलं, आणि निवृत्तीपर्यंत तिथंच ठेवलं. पश्चात्ताप म्हणशील तर मोहरीएवढाही नाही, असं ती नातीला सांगायची.

नात कॉलेजात असताना एके दुपारी साहेबाची मुलगी घरी आली. वडील अंथरुणाला खिळलेत, जीव अडकून राहिलाय, एकदा माफ केलं म्हणा, असं हात जोडून म्हणाली. बिचारी गरीब स्वभावाची, डोळे भरून आलेले. नातीला वाटलं, आता आजी विरघळणार. आजीनं तिला पाणी दिलं, चहा पाजला, तिच्या मुलाबाळांची चौकशी केली.

मग म्हणाली, "तुझ्यावर माझा काही राग नाही, पोरी. त्यांना सांग, बोटं उगवली की कळवते."

ती गेल्यावर नात चिडली. मरणाऱ्या माणसावर कसला सूड उगवायचा, असं बोलून गेली. आजीनं कप उचलले. तो चालता-फिरता होता तेव्हा आपलं घर त्याच्यापासून दोन गल्ल्यांवरच होतं, एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी साहेब गेला. बातमी आली तेव्हा आजी जेवत होती. तिनं आणखी थोडं वाढून घेतलं, आणि जेवण आटोपून आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत घोरत पडली. नात उशाशी बसून तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच आजीची भीती वाटली, आणि तितकीच मायाही.